सहावा काहून

टेबलाच्या मधोमध एक पारदर्शक पिशवी होती, पिशवीत तांदळाचा एकच दाणा होता आणि पिशवीला लाल चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठीवर गाडीचा नंबर, बॅटरीचा नंबर आणि बॅटरीची पेटी बंद केल्याची तारीख. दिवसाला साठ विजेच्या गाड्या बाहेर काढणाऱ्या कारखान्यात या एका दाण्यासाठी सकाळी साडेनऊला साहेब धरून बारा माणसं एका खोलीत जमली होती, आणि त्यातल्या दहा जणांनी पहिलं काम काय केलं, तर दाण्याचं वाण ओळखायला घेतलं. धानाचा जिल्हा म्हटल्यावर दुसरं काय होणार. कोणी म्हणालं एचएमटी, कोणी म्हणालं जय श्रीराम. एकानं तर पिशवीला नाक लावून चिन्नोरचा वास येतो का तेही पाहिलं. "चिन्नोर एवढा लांब असते का बे," असं बाजूच्यानं त्याला सुनावलं. अकरावा माणूस कुलदीप निंबार्ते. वय एकतीस, गुणवत्ता विभागात इंजिनिअर, कारखान्यातल्या सगळ्या लाल चिठ्ठ्या ज्याच्या हाताखालून जातात तो. तो वाणाच्या वादात पडला नाही. त्याला दाण्यावरचा पिवळा रंग दिसला होता आणि चिठ्ठीवरची चोवीस एप्रिल दिसली होती.

गोष्ट साधी होती. नागपूरच्या एका दंतवैद्यानं रविवारी सकाळी हौसेनं गाडी धुतली आणि गाडी फाटकातच बसली. पुढं नाही, मागं नाही, पडद्यावर नुसतं कासवाचं चित्र. कासव दिसलं की समजायचं, बॅटरी घाबरली. गाडी ट्रकवर चढून वरठी रोडवरच्या कारखान्यात माहेरी आली, बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं, तर आत दोन चमचे पाणी. झाकणाखाली रबराची पट्टी असते, तिला एका जागी चीर पडलेली आणि चिरेत हा दाणा. पेटी बंद केली त्या दिवशी हवेची चाचणी व्यवस्थित पास झालेली होती. रबर नवं होतं, त्यानं दाण्याला पोटात घेऊन तोंड मिटून घेतलं. मग चार महिने रस्त्याचे धक्के बसले आणि दाण्याचं टोक रबराला चिरत गेलं. कुलदीपला हे ऐकताना दाण्याबद्दल कौतुकच वाटलं. चार महिने गप्प राहायचं आणि आतल्या आत टोचत राहायचं, ही कामगिरी सोपी नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"आपण तांदूळ विकत घ्यायला बसलेलो नाही," हटवारसाहेब म्हणाले आणि वाणाचा वाद थांबला. विभागाचे मुख्य जागेश्वर हटवार मूळचे मोहाडीचे. वीस वर्षं पुण्यात काढून आलेले, त्यामुळे बोलणं स्वच्छ पुण्याचं; रागावले की मात्र पुणं मागं पडायचं आणि मोहाडी पुढं यायची. त्यांची सगळी श्रद्धा एका फॉर्मवर होती. दोष कसलाही असो, त्याला पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाच उत्तरं पाच चौकटींत लिहायची. पहिल्या प्रश्नाला माणूस सापडतो, पाचव्याला कारण सापडतं, असं ते शिकवायचे. कारखान्यात याला सगळे 'पाच काहून' म्हणत. कुलदीपनं ही पद्धत इतकी मनावर घेतली होती की एकदा घरीही चालवून पाहिली. भाजीत मीठ जास्त काहून? देवकाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, उत्तर दिलं, हात जड पडला. हात जड काहून पडला? ध्यान नव्हतं. ध्यान काहून नव्हतं? "तुह्या लग्नाचा इचार करून राहिली होती," आई म्हणाली. चौथा काहून विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं मुकाट्यानं खारट भाजी खाल्ली आणि वर चांगली झाली म्हणून सांगितलं.

पडद्यावर फॉर्म होता आणि पहिल्या तीन चौकटी भरून झाल्या होत्या. गाडी बंद पडली काहून, तर पाणी शिरलं. पाणी शिरलं काहून, तर रबर चिरलं. रबर चिरलं काहून, तर दाणा. चौथी चौकट रिकामी होती आणि तिच्यात कर्सर उघडमीट करत उभा होता. कुलदीपला तो कर्सर आपल्याकडंच पाहतो आहे असं वाटलं. "सर, याले हळद लावली आहे," अश्विन गजभिये म्हणाला. अश्विन बॅटरीच्या लाइनचा पहिल्या पाळीचा प्रमुख. "ह्या अक्षता आहेत. आमच्या लग्नात तांदूळ नसतेत, फुलाच्या पाकळ्या असतेत. पाकळी निघाली असती तं माह्याकडं पाहा लागलं असतं." सगळे हसले, कारण अक्षता सगळ्यांनीच ओळखल्या होत्या, फक्त बोलायचं कोणी हा प्रश्न होता. मग रजिस्टर उघडलं गेलं. चोवीस एप्रिल, दुसरी पाळी, झाकण बंद करायची जागा, कार्ड सुंदरबाई बांते यांचं. "चोवीसलेच तं तिच्या पोरीचं लगन होतं," मागून कोणीतरी म्हणालं. झालं. अक्षता, लग्नघर, तारीख, कार्ड, सगळं इतकं नीट जुळलं की हटवारसाहेबांचा चेहरा उजळला. कंत्राटावरची बाई, लग्नघरातून तशीच कामावर आली, पदरातून दाणा पडला. "बोलवा त्यांना," ते म्हणाले. कंत्राटावरच्या माणसाला या खोलीत बोलावलं की पुढं काय होतं ते कुलदीपनं तीनदा पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं कार्ड फाटकावर चालत नसे. आणि सुंदरबाई त्या दिवशी कारखान्यात पाऊलसुद्धा टाकलेल्या नव्हत्या, हे खोलीत एकट्या कुलदीपला माहीत होतं.

सुंदरबाईंना त्यांच्या जागेवरून उठून, निळा झगा उतरवून, चपला घालून वर यायला दहा मिनिटं लागणार होती. दहा मिनिटं पुष्कळ असतात. वरठीच्या रेल्वे फाटकावर एकदा इतकाच वेळ मिळाला होता. मोटारसायकलवर मागं खुशबू बसलेली, म्हणजे सुंदरबाईंची मुलगी, पाळी सुटल्यावर तिची बस चुकली म्हणून. समोरून मालगाडी जात होती. बोलायला इतका निवांत वेळ कोणाला मिळत नाही, पण कुलदीपनं डबे मोजले. अठ्ठावन्न निघाले. फाटक उघडल्यावर त्यानं तिला तेवढंच सांगितलं, अठ्ठावन्न. ती म्हणाली, "मी एकोणसाठ मोजले," आणि मग भंडाऱ्यापर्यंत ते दोघं इंजिन धरायचं की नाही यावर बोलत आले. खुशबू आठ महिने त्याच्या शेजारच्या टेबलावर शिकाऊ होती. बाहेरून आलेल्या रबरी पट्ट्यांची जाडी मोजायचं तिचं काम. मोजताना जीभ दातांत धरायची, सात आकड्याच्या मानेवर आडवी रेघ मारायची. याच पट्ट्या, ज्यातली एक आता टेबलावर चिरलेली पडली होती. कुलदीपच्या मनात काही नव्हतं असं नाही. पण त्यानं ते निरीक्षणाखाली ठेवलं होतं. घाईनं निष्कर्ष काढू नये, निदान तीस नमुने घ्यावेत, हे त्याचं शिक्षण. ती त्याच्या बोलण्यावर किती वेळा हसली ते त्यानं मोजलं होतं. जानेवारीपर्यंत एकतीस. पण त्यातल्या चार वेळा अश्विनही तिथं उभा होता, तेव्हा ते हसू नक्की कोणासाठी हे ठरेना, म्हणून चार वगळले. सत्तावीस उरले. आणखी तीन हवे होते. ते तीन मिळायच्या आत तुमसरच्या एका मेडिकल दुकानवाल्यानं एकदाच येऊन, एक बशी पोहे खाऊन होकार देऊन टाकला. एकाच नमुन्यावर. कुलदीपला त्या माणसाचा राग आला नव्हता, त्याच्या पद्धतीचा आला होता.

मार्चच्या शेवटी हजार गाड्यांची पहिली मोठी खेप ठरली आणि हटवारसाहेबांनी कंत्राटावरच्या लोकांच्या सगळ्या रजा बंद केल्या. सुंदरबाई एका दुपारी कुलदीपच्या टेबलापाशी आल्या, लग्नपत्रिका त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पोरीले वाटे लावून मी तीनच्या पाळीले येतो, बाबू. कन्यादान काय, बारालेच होऊन जाईन." त्यांनी हे इतकं साधं सांगितलं की कुलदीपलाच लाज वाटली. "मावशी, तुम्ही येऊ नका. कार्ड माह्यापाशी ठेवा, मी बसतो तुमच्या जागेवर," तो म्हणाला. नियमानं हा मोठा गुन्हा होता आणि तो नियम त्यानंच टाइप करून भिंतीवर लावलेला होता. पण त्या दिवशी आपल्याला लग्नातून उठून जायला काहीतरी कारण मिळालं, याचा त्याला आतून इतका आनंद झाला की गुन्हा त्याच्या ध्यानातच आला नाही. मग चोवीस तारीख, भंडाऱ्यातलं लॉन, ऊन असं की मांडवाच्या कापडातूनही डोकं तापत होतं. अक्षतांचं ताट फिरत आलं, त्यानं मूठ भरून घेतली. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक सावधानला शेकडो हात वर जात होते, तांदूळ उडत होते, त्याची मूठ मात्र छातीपाशी येऊन थांबत होती. पुढच्याला टाकू, असं तो दर वेळी स्वतःला सांगत होता. पुढच्याला. मुठीत घाम आला, हळद तळव्याला लागली, आणि अचानक बँड वाजायला लागला आणि लोक जेवायला पळाले. न टाकलेल्या अक्षतांचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. जमिनीवर टाकवेनात, ताटात परत ठेवाव्या तर लोक बघतील. त्यानं त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि मोटारसायकलला किक मारली. तीनला निळा झगा चढवला. झगा बंद असावा, खिशात काही असू नये, हेही त्यानंच लिहिलेलं. पण बोल्ट घट्ट केल्यावर त्यावर पांढरी खूण करायचा पेन तो आतल्या शर्टाच्या खिशात ठेवायचा, इंजिनिअर माणसाची सवय. बत्तीस झाकणं, प्रत्येक झाकणाला एकदा पेन बाहेर, एकदा आत. आईनं दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला घेतला तेव्हा म्हणाली, "खिशात अक्षता घेऊन कोण येते बापा घरी."

दार उघडलं आणि सुंदरबाई आत आल्या. उंची बेताची, केस अजून जाळीच्या टोपीत, इतक्या खुर्च्या पाहूनही उभ्याच राहिल्या. हटवारसाहेबांनी पिशवी त्यांच्यापुढं धरली आणि अगदी मृदू पुणेरी मराठीत विचारलं, हा दाणा तिथं कसा गेला असेल, तुम्हाला काही सांगता येईल का. सुंदरबाईंनी दाण्याकडं पाहिलं. मग चिठ्ठीवरच्या तारखेकडं पाहिलं. मग क्षणभर, अगदी क्षणभर, कुलदीपकडं पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की त्यांना सगळं समजलं आहे आणि त्यांनी काय करायचं तेही ठरवून झालं आहे. "माह्याच हातून पडला असन, साहेब," त्या म्हणाल्या. "लगनघर होतं. पदराले चिकटला असन." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हटवारसाहेब टाइप करायला वळले. कुलदीपला वाटलं, आता फक्त गप्प बसायचं आहे, आणि गप्प बसण्यात आपला हात धरणारा या जिल्ह्यात कोणी नाही. अठ्ठावन्न डबे आपण गप्प बसून काढले. पण त्या उभ्या होत्या, चपला दाराबाहेर काढून अनवाणी उभ्या होत्या, आणि त्याला त्यांची इतकी माया आली, स्वतःची इतकी शरम वाटली, की तो उठून उभाच राहिला. खुर्ची मागं पडली.

"नाही सर," तो म्हणाला. "मावशी त्या दिवशी आल्याच नव्हत्या. त्यांचं कार्ड माह्याजवळ होतं. झाकणं मी लावली. दाणा माह्या खिशातला आहे." तो इतक्या वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच घरच्या भाषेत बोलला, हे त्याला नंतर कळलं. हटवारसाहेब वळले आणि पुणं जागच्या जागी संपलं. "तू बसला होता? इंजिनिअर होऊन? कार्ड दुसऱ्याचं वापरून? अन् नियम कोणं लिहिला होता बे?" मीच, असं कुलदीप म्हणाला. "दुसऱ्याचं कार्ड काहून घेतलं?" "त्यांची रजा बंद होती, सर." "रजा काहून बंद..." एवढं बोलून हटवारसाहेब थांबले. रजेच्या हुकमाचा कागद अजून खाली नोटीस बोर्डावर लटकत होता आणि त्यावर सही कोणाची आहे ते सगळ्यांना माहीत होतं. हा काहून एकेक जिना चढत थेट त्यांच्याच टेबलापर्यंत गेला असता. त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला, चष्मा पुसला, आणि हळूहळू त्यांची भाषा पुन्हा पुण्याला पोचली. "आपण मूळ दोषाकडे येऊ. चौथा प्रश्न. दाणा का आला? तपासनिसाच्या खिशातून पडला. पाचवा. खिशात का होता?" "टाकायच्या राहिल्या, सर," कुलदीप म्हणाला. "लग्नात. अक्षता." साहेबांनी लिहिलं: लग्नात टाकायच्या राहिल्या. अश्विन खाली मान घालून बुटाकडं पाहत होता. आठ महिने त्यानं शेजारच्या टेबलावरचं सगळं पाहिलेलं होतं. कुलदीप वाट पाहत राहिला. यापुढचा प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर सुंदरबाईंच्या देखत द्यावं लागणार होतं. पण हटवारसाहेबांनी पडद्याकडं पाहिलं, पाचही चौकटी भरल्या होत्या. फॉर्ममध्ये सहावी चौकट नव्हती. "मूळ कारण सापडलं," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

जिन्यावर सुंदरबाई त्याच्यापुढं चालत होत्या. मधल्या वळणावर त्या थांबल्या. खालून यंत्रांचा आवाज येत होता, हवा सोडल्याचा, बोल्ट आवळल्याचा. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "काहून नाही टाकल्या?" त्याच्याकडं सत्तावीस नमुने होते, अठ्ठावन्न डबे होते, आडवी रेघ मारलेले सात होते, आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. "हात वर झाला नाही, मावशी," तो शेवटी म्हणाला. त्या रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. "रबराले पाच खेपा इचारता," त्या म्हणाल्या, "मले एक खेप इचारलं असतं तं." एवढंच बोलून त्या जाळीची टोपी सारखी करत खाली उतरल्या. कुलदीप त्या वळणावर उभा राहिला. विचारलं असतं तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि ते विचारायला त्या आता तिथं नव्हत्या.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. त्या पाळीच्या बत्तीसही गाड्या बोलावून उघडल्या, आणखी दोन दाणे निघाले. कुलदीपला लेखी ताकीद मिळाली, बढती वर्षभर पुढं गेली. मूळ कारण कोणतंही असो, उपायाच्या रकान्यात हटवारसाहेब 'प्रशिक्षण' लिहितात. त्याप्रमाणं कुलदीपला झाकण लावायच्या जागेवर तीन दिवसांचं प्रशिक्षण ठरलं, आणि प्रशिक्षक म्हणून सुंदरबाई बांते यांचं नाव पडलं, कारण ते काम कारखान्यात दुसऱ्या कोणाला तेवढं येत नव्हतं. प्रशिक्षकाला काढून टाकता येत नाही, त्यामुळे त्यांचं कार्ड फाटकावर चालत राहिलं. त्यांनी कुलदीपला रबरावरून बोट फिरवायला शिकवलं, डोळे मिटून, आणि तीन दिवसांत एकदाही जिन्यावरचा विषय काढला नाही. शिवाय संपूर्ण कारखान्याला बिनखिशाचे शर्ट आले. सहाशे माणसं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी मोज्यात ठेवून चालू लागली आणि हा उद्योग कोणी सुचवला म्हणून शिव्या देऊ लागली. कुलदीपही दोनदा मोठ्यानं त्यांच्यात सामील झाला. फॉर्म मात्र बंद होईना. शेवटचा रकाना उरला होता: उपाय लागू पडला का, साक्षीदारासह तपासणी. "तपासणी म्हणजे प्रत्यक्ष परिस्थितीत," हटवारसाहेबांनी बजावलं. प्रत्यक्ष परिस्थिती म्हणजे लग्न. ती डिसेंबरात आली. लाइनवरच्या रिताचं लग्न, त्याच लॉनवर.

कुलदीप मुद्दाम खिशाचा शर्ट घालून गेला, नाहीतर तपासणीला अर्थ राहिला नसता. सुंदरबाई साक्षीदार म्हणून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर सावरून, गंभीर चेहऱ्यानं. ताट आलं. त्यानं मूठ भरली. मूठ तीच, तिला लगेच घाम सुटला. पहिल्या सावधानला हात छातीपाशी आला आणि थांबला. "बाबू," सुंदरबाई हळूच म्हणाल्या. दुसऱ्याला त्यानं डोळे मिटले, रबरावर बोट फिरवताना मिटायचे तसे, आणि हात जितका वर जातो तितका वर नेऊन सगळ्या अक्षता एकदम सोडल्या. इतक्या जोरात की त्या नवरीपर्यंत गेल्याच नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या केसांवर, मानेवर, खांद्यावर पिवळे दाणे सांडले. तिनं ते झटकत मागं पाहिलं. तुमसरहून आली होती, थोडी भरली होती, कडेवर कोणाचं तरी लेकरू होतं. खुशबूनं आधी आईकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि हसली. त्यानं ते मोजलं नाही.

"कुलदीपभाऊ," ती म्हणाली, "नवरी तं तिकडं आहे."

"हो," कुलदीप म्हणाला. बँड वाजायला लागला. सुंदरबाईंनी त्याच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, अस्तर बाहेर ओढून उलटं करून पाहिलं, पुन्हा नीट आत सारलं आणि खिशावर एकदा हलकेच थापटलं. सोमवारी त्यांनी शेवटच्या रकान्यात त्याच्या सांगण्याप्रमाणं लिहून दिलं, खिसा रिकामा, आणि खाली सही केली.